नाणं नसलेला फोटो

फोटो आला तेव्हा श्रुतिका ओट्यापाशी कोलंबी सोलत उभी होती. रविवारची दुपार, हातांना माशाचा वास, आणि खिडकीत ठेवलेला फोन एकदा थरथरायला लागला तो थांबायचं नावच घेईना.

"कोणाचं काय पेटलंय ते बघ तरी," आई आतून ओरडली.

कोणाचं काही पेटलं नव्हतं. 'छोटी लाईन' ग्रुपवर मुणगेकर काकांनी एक फोटो टाकला होता, एवढंच.

आता हा ग्रुप म्हणजे काय, तर वेड्यांचा बाजार. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठकुठले लोक. नोकरी करतात, पोरं सांभाळतात, कर भरतात, आणि घरी आले की टेबलावर बोटभर रुंदीचे रूळ टाकून त्यावरून वीतभर लांबीची इंजिनं पळवतात. तारेला स्पंज चिकटवून झाडं करतात, चहाचा चोथा वाळवून माती करतात. मग त्याचे फोटो एकमेकांना पाठवतात आणि दिवसभर झकास झकास करत बसतात. श्रुतिका त्यातलीच. ती दातांच्या लॅबमध्ये कॅप आणि कवळ्या घडवायची. दिवसभर बारीक काम करून डोळे दुखायचे, आणि घरी येऊन पुन्हा भिंग लावून सिग्नल रंगवायला बसायची. आईने डोकं आपटणं कधीच सोडून दिलं होतं.

कोपराने स्क्रीन उघडून तिने फोटो पाहिला. सगुणा आडवी पडली होती.

सगुणा म्हणजे काकांचं निळं डिझेल इंजिन. बायको गेल्यावर काकांनी ते स्वतःच्या हाताने घडवलं आणि तिचंच नाव त्याच्या अंगावर रंगवलं. ग्रुपची मंडळी घाटकोपरच्या उडप्याकडे जमायची तेव्हा काका ते बिस्किटाच्या डब्यात, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणायचे. हातात घ्यायचं तर आधी हात धुऊन, पुसून या. बोरिवलीचा हर्षद, म्हणजे ग्रुपचा अ‍ॅडमिन, त्याने एकदा मेदूवड्याच्या हाताने डब्याला हात लावला, तर काकांनी सगळ्या हॉटेलासमोर त्याची खरडपट्टी काढली होती. "तुझ्या हापिसातलो टेबल नाय तो!"

तीच सगुणा फोटोत रुळाबाहेर कुशीवर पडलेली. खाली राखाडी जमीन, मागे सगळं धूसर, पुढच्या बाजूचा पितळी कठडा वाकून सुटलेला. फोटो अगदी जमिनीच्या पातळीवरून काढलेला. मॉडेलवाले तसाच काढतात, म्हणजे वीतभर इंजिनही डोंगराएवढं दिसतं. खालच्या कोपऱ्यात मात्र बोटाचा तपकिरी फराटा आला होता.

खाली कौतुकाचा पूर लोटला होता.

"काका!!! अपघाताचा सीन! काय अँगल आहे!" हे अंधेरीच्या सौरभचं.

"तो तुटलेला कठडा बघा रे. याला म्हणतात डिटेलिंग," हर्षद.

"सगुणाला आडवं पाडलंत? काळजावर दगड ठेवून केलेलं दिसतंय. सलाम."

अंगठे, टाळ्या, आगीचे लोळ. श्रुतिकाने फोटो मोठा करून इकडून तिकडे सरकवला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

नाणं नव्हतं.

याचीही एक गोष्ट आहे. मागे सौरभने घसरलेल्या डब्यांचा असाच एक सीन केला आणि हौसेने ग्रुपबाहेर चार ठिकाणी पाठवला. संध्याकाळपर्यंत तो फोटो खऱ्या अपघाताचा म्हणून गावोगाव फिरला. कणकवलीहून लोकांच्या मावश्या रडत फोन करायला लागल्या. सौरभची तर वाटच लागली, माफी मागता मागता जीभ वाळली त्याची. तेव्हा काकांनीच नियम घातला, की ह्या ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक फोटोत पाच रुपयाचं नाणं दिसलंच पाहिजे. नाणं दिसलं की बघणाऱ्याला कळतं, हा खेळ आहे. काका स्वतः इतके कर्मठ, की त्यांचं नाणंसुद्धा ठरलेलं होतं, जुनं, जाडजूड, घासून गुळगुळीत झालेलं.

आणि त्याच नाण्यावरून गेल्या रविवारी राडा झाला होता.

दर रविवारी एक जण परीक्षक असतो, नियमात न बसणारा फोटो काढून टाकायचा हक्क त्याचा, आणि त्या दिवशी श्रुतिकाची पाळी होती. काकांनी त्यांच्या गावाचा फोटो टाकला. काकांचं गाव म्हणजे त्यांचा लेआउट, रूळ, घरं, दुकानं, डोंगर असं सगळं मांडलेलं अख्खं मॉडेल. फोटो सुंदर होता, पण नाणं विसरले होते. श्रुतिकाने लिहिलं, "काका, नाणं नाही. म्हणजे आपल्या नियमाने फोटो खरा धरला जाणार. बाद." आणि ग्रुपवरून काढून टाकला. तिला वाटलं, हसतील.

काकांचं उत्तर आलं, "मियाच केलेलो नियम माका शिकवतंस?" आणि त्यानंतर आठवडाभर एक अक्षर नाही. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, दुखावला तो दुखावलाच. श्रुतिकाने दोनदा माफीचा मेसेज लिहिला आणि दोन्ही वेळा पुसला. मी काय चुकीचं केलं, ही तिची घमेंड. तीही काही कमी नव्हती.

म्हणून आज नाणं नसलेला फोटो बघून आधी तिला रागच आला. मुद्दाम केलंय म्हाताऱ्याने. मला खिजवायला! तिने हात धुतले आणि टाईप केलं, "काका, नाणं?"

हर्षदने हसून लोळणारे चेहरे पाठवले. "आली बघा इन्स्पेक्टरीण. आता पुन्हा महायुद्ध."

काकांकडून काही नाही.

ती परत कोलंबीकडे वळली, पण मन लागेना. तो कठडा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पितळेची तार तापवून, वाकवून, केसाएवढ्या भोकात बसवून काकांनी तो कठडा केला होता, डोळे पाझरेपर्यंत. उडप्याकडे त्यांनी तो तिला भिंगाखाली दाखवला होता, आणि त्या वेळी त्यांचा आवाज किती हळू झाला होता. तो माणूस एका फोटोसाठी बायकोच्या नावाचं इंजिन आडवं पाडील? कठडा तोडील? आणि फोटोत बोट येऊ देईल?

तिने कोलंबी तशीच टाकली.

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली. मग कोणीतरी उचलला.

"काका? श्रुतिका बोलतेय. काका, अहो रागावलायत का?"

पलीकडे कोणी बोललं नाही. पण आवाज येत होता. टिक-टिक, टिक-टिक. दूर जायचा, पुन्हा जवळ यायचा. हा आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. बारकी चाकं रुळांच्या सांध्यावरून जातात तेव्हा असा वाजतो. गाडी गोल फिरत होती. मग त्या टिक-टिकीच्या वर एक घोगरा, ओला उसासा आला आणि फोन कट झाला.

पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

तिने ग्रुप कॉल केला. हर्षद आला, सौरभ आला. हर्षदच्या मागे सामना चालू होता, टीव्हीवर बोंबाबोंब.

"काकांना काहीतरी झालंय," ती म्हणाली. "फोटो सीनचा नाहीये. सगुणा खरोखर पडलीय."

"अगं, फोन उचलला ना त्यांनी?"

"उचलला, पण बोलले नाहीत. नुसता श्वास."

"तुझ्याशी बोलायचं नसेल," हर्षद म्हणाला. "रुसलेत ते. आपल्या काकांना ओळखत नाहीस काय तू? तूच बाद केलास ना त्यांचा फोटो?"

हे लागलं. लागायचंच, कारण खरं असू शकत होतं. म्हातारा खुर्चीत बसून गाडी फिरवत असेल, हिचं नाव बघून मुद्दाम गप्प राहिला असेल, आणि ही बया गावभर बोंब मारत सुटली तर जन्मभर तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

"हर्षद, तू लाव. तुझ्यावर तर रुसलेले नाहीत ना?"

हर्षदने लावला. सौरभने लावला. कोणाचाच उचलला नाही. सामन्याचा आवाज बंद झाला.

"कोणीतरी घरी जाऊन बघूया," सौरभ म्हणाला. "राहतात कुठे?"

"भांडुपला."

"भांडुपला कुठे?"

कपाळ माझं! ही माणसं काकांच्या गावातल्या पिंपळाला किती फांद्या आहेत ते सांगतील, पिठाच्या गिरणीच्या पत्र्याला गंज कुठल्या रंगाने दिलाय ते सांगतील, आणि माणूस कुठल्या गल्लीत राहतो ते एकालाही ठाऊक नाही. काकांनी कधी कोणाला घरी बोलावलं नव्हतं. "बसूक जागा नाय रे, सगळी रुळांनी खाल्ली," म्हणायचे आणि विषय बदलायचे. भांडुप पश्चिम, वर डोंगराच्या अंगाला, इतकंच एकदा बोलण्यात आलं होतं. त्या अंगाला अख्खा कोकण येऊन राहिलाय. त्यात एक मुणगेकर शोधायचा म्हणजे खेळ आहे काय?

हर्षदने एकशेबारा नंबर फिरवला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, पत्ता सांगा. तो नाही म्हटल्यावर त्यांनी फोन नंबर लिहून घेतला, लोकेशन काढायला वेळ लागेल म्हणाले.

"मी निघते," श्रुतिका म्हणाली. "आपल्या तिघांत मीच जवळ आहे. तुम्ही काकांचे सगळे जुने फोटो काढा."

"फोटो कशाला?"

"मागे मी त्यांना विचारलं होतं, त्या इमारतीवरची पाण्याची टाकी निळी आणि तिरकी का केलीत? तर म्हणाले, ती तशीच आसा. 'आसा', सौरभ. आहे! ते गाव त्यांनी मनाने केलेलं नाही. त्यांच्या घराभोवतालचं आहे."

आई दारात आडवी उभी राहिली. "न जेवता कुठे? कोण लागतो तो तुझा?"

"कोणी नाही गं," ती म्हणाली आणि चप्पल पायात सरकवून सुटली. जिना उतरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि स्वतःचाच भयंकर राग आला. तो माफीचा मेसेज पाठवला असता तर काय हात झडले असते?

घाटकोपरच्या भटवाडीतून स्कूटी काढली आणि लालबहादूर शास्त्री मार्गाला लागली. मेट्रोच्या कामाचे पत्रे, रविवारची लग्नाची गाडी, मधेच आडवा आलेला टँकर. हॉर्न वाजवून वाजवून तिचा अंगठा दुखायला लागला. कानात सौरभ बोलत होता. "पिंपळ आहे, त्याला पार आहे. गिरणी आहे. गिरणीवरची पाटी अर्धवट दिसतेय, रवळनाथ का काहीतरी. इमारत पिवळी. इमारतीच्या नावाचा बोर्ड आहे गं, पण त्याच्यासमोर नाणं!"

"दुसरा फोटो बघ."

"बघतोय! सगळ्यांत नाणं तिथेच! काका नेहमी नाणं त्या इमारतीलाच टेकवून ठेवतात. प्रत्येक फोटोत बोर्ड झाकलेला आहे, यार!"

कांजूरमार्गाच्या पुढे फोन पुन्हा थरथरला. तिने स्कूटी कडेला घेतली. ग्रुपवर काकांचा दुसरा फोटो आला होता. तीच सगुणा, तीच राखाडी जमीन, पण फोटो हललेला, वाकडा, अर्धा काळा. नाणं नाही. ह्या वेळी एकही टाळी पडली नाही.

जिवंत आहेत, तिला वाटलं. आणि कळवतायत.

पण नाणं नसलेला फोटो! तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेल्या रविवारचा! तोच, जो तिने बाद केला होता! त्यात नाणं नव्हतं, म्हणजे बोर्ड उघडा असणार. ग्रुपवरून तिने पुसला होता, पण फोनच्या गॅलरीत आलेला फोटो आपोआप राहतो. ती फोटोंत मागे मागे गेली. लॅबमधल्या कवळ्या, आईचा वाढदिवस, आणि हे बघा, काकांचं गाव. पिंपळ, गिरणी, पिवळी इमारत, तिरकी निळी टाकी. तिने बोर्ड मोठा केला. मुंगीएवढी अक्षरं, पण काकांच्या हातची, स्वच्छ. 'गोकर्ण निवास'.

आणि दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या गॅलरीत एक तांदळाएवढा माणूस उभा होता, पांढऱ्या बनियनमध्ये. काकांनी स्वतःलाच तिथे उभं केलं होतं.

"गोकर्ण निवास!" ती हेल्मेटच्या आत किंचाळली. "दुसरा मजला, डोंगराच्या बाजूचा कोपरा! हर्षद, अँब्युलन्सला तेच सांग."

भांडुपला वर चढताना तिने रिक्षा स्टँडवर विचारलं. गोकर्ण निवास कोणाला ठाऊक नव्हतं. "रवळनाथाच्या नावाची पिठाची गिरणी? पिंपळाचा पार?" असं म्हटल्यावर एक जण म्हणाला, "असं बोल ना ताई. सरळ जा, शाळेकडून डावीकडे."

गल्लीत शिरली आणि तिच्या अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा आली होती, आणि प्रत्येक वळण तिच्या ओळखीचं होतं. हा पत्र्यावरचा गंज, डाव्या कोपऱ्यात जास्त. ही पाराची तुटलेली फरशी. फक्त जिथे काकांच्या गावात रूळ होते, तिथे इथे नाला वाहत होता, काळा, भरलेला. घाणीच्या जागी म्हाताऱ्याने आपली रेल्वे आणली होती. पिवळी इमारत समोरच होती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कोणी नव्हतं, दोरीवर एक पांढरं बनियन वाळत होतं.

ती जिन्याने धावत वर गेली. दार बंद. बेल दाबली, दारावर थापा मारल्या. आतून कोणी बोललं नाही, पण कान लावला तर टिक-टिक, टिक-टिक.

शेजारचं दार उघडून एक बाई बाहेर आली. मालनताई तिचं नाव, हे नंतर कळलं. "कोण गं तू? झोपले असतील ते. रविवारी दुपारी कोणी त्यांचं दार वाजवत नाही, चिडतात."

"चावी आहे तुमच्याकडे?"

"आतून कडी लावून बसतात. अगं, पण तू कोण त्यांची?"

आता काय सांगणार? कोण होती ती त्यांची? "मैत्रीण," श्रुतिका म्हणाली. "दार तोडायला लागेल, ताई. कोणाला तरी बोलवा."

"वेडी की काय! दार तोडलं आणि ते नुसते झोपलेले निघाले तर? मला इथे राहायचंय त्यांच्या शेजारी."

श्रुतिकाच्या मनात पुन्हा तीच शंका डोकावली. खरंच नुसते रुसून बसले असतील तर? दार तुटेल, आणि आत खुर्चीत बसलेला म्हातारा चष्म्यावरून बघेल, म्हणेल, माका शिकवतंस? पण तिने फोन काढून मालनताईंसमोर दुसरा फोटो धरला. "हे इंजिन ओळखता?"

मालनताईंनी डोळे बारीक केले, आणि त्यांचा चेहराच उतरला. "ही तर सगुणा. अगं, हिला ते मला साधं पुसूपण देत नाहीत." त्या जिन्यात वाकून ओरडल्या, "राजाराम! ए राजाराम! पहार घेऊन वर ये, धाव!"

गिरणीवाला राजाराम पिठाने पांढरा झालेला तसाच वर आला. पहार दाराच्या फटीत घातली, एकदा, दोनदा. तिसऱ्याला कडी कोयंड्यासकट उखडली.

अख्खी खोली गावाने भरलेली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत तोच पिंपळ, तीच गिरणी, आणि त्यांच्यामधून चार डब्यांची एक गाडी दुसऱ्याच एका इंजिनाच्या मागे गोल गोल फिरत होती, जणू काही झालंच नाही. टेबल आणि भिंत यांच्यामधल्या फटीत काका कुशीवर पडले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, लाळ फरशीवर, उजवा हात अंगाखाली मेल्यासारखा. चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर सगुणा पडली होती. फोन डाव्या हातापाशी होता, ग्रुपचा कॅमेरा अजून उघडा.

डोळे मात्र जागे होते. ते थेट श्रुतिकाकडे वळले.

"काका!" ती त्यांच्याजवळ फरशीवर आडवीच झाली. "काका, मी आलेय. गाडी येतेय. हलू नका."

त्यांच्या घशातून घोगरा आवाज आला, पण जीभ वळेना. मालनताईंनी रडत रडत गाडीचं बटण बंद केलं. ती टिक-टिक थांबली तेव्हा खोलीत एकदम सुनं वाटलं.

अँब्युलन्सवाले आले, त्यांनी काकांना चादरीत घालून जिन्याने उतरवलं. श्रुतिका सोबत आत बसली. गाडीतली डॉक्टर पोरगी तरुण होती, ती म्हणाली, पॅरालिसिसचा झटका आहे, पण वेळेत सापडले, हे बरं झालं, लवकर नेलं की आशा असते. श्रुतिकाचा जीव भांड्यात पडला असं म्हणवत नाही, पण निदान भांड्याच्या काठाला लागला.

काकांची डावी मूठ मात्र घट्ट आवळलेली होती. डॉक्टरला बोटाला मशीन लावायचं होतं, तर मूठ उघडेना.

"काका, सोडा ना," श्रुतिका म्हणाली. "मी आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि एकेक बोट सोडलं. तळहातावर पाच रुपयाचं नाणं होतं. तेच, जुनं, जाडजूड, गुळगुळीत. तळहातात त्याची गोल खळी उठली होती.

नाणं होतं? मग फोटोत का नव्हतं? तिने फोन काढून पहिला फोटो पुन्हा उघडला. सगुणा, तुटलेला कठडा, आणि खालच्या कोपऱ्यातला तो बोटाचा फराटा. तिने तो कोपरा मोठा केला. बोटाच्या टोकाशी एक बारीक, गोल, रुपेरी कड चमकत होती.

बोट चुकून आलं नव्हतं. पडताना काकांनी टेबलाचा आधार घ्यायला हात टाकला असेल, सगुणा खाली आली असेल, आणि तिच्याबरोबर नाणंही. ते तिच्या शेजारीच पडलं होतं, अगदी फोटोत येईल असं. बोलता येईना, लिहिता येईना, फक्त डावा हात कसाबसा चालत होता. आणि त्या अवस्थेत म्हाताऱ्याने आधी ते नाणं फोटोच्या बाहेर ओढलं होतं, मग ते बोटाखाली दाबून धरूनच फोटो काढला होता. नाणं दिसलं असतं तर तिनेही बाकीच्यांसारखी टाळी वाजवून विषय संपवला असता. नाणं नाही, हे विचारणारं त्या अख्ख्या ग्रुपात एकच माणूस होतं.

श्रुतिकाला हुंदका आवरला नाही. तिने त्यांचा डावा हात दोन्ही हातांत धरला.

काकांचं वाकडं तोंड हललं. जीभ जड, शब्द लोळत आले, पण आले. "ख... खरो... धरलंस ना?"

"धरलंय, काका," ती म्हणाली. "खरोच धरलंय."